६४१ पर्यंत कोणी गेलंच नाही

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा. सध्या लिहून घ्यायचं नाही, ऐकून घ्यायचं आहे.

दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ एका ओळीचा होता. ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही संख्या घ्या, तिच्याबद्दल जे सांगता येईल ते सांगा, आणि जे सांगाल ते दाखवा. 'दाखवा' या शब्दाखाली मी फळ्यावर दोन रेघा ओढल्या होत्या. त्या रेघा तुम्ही वहीत अगदी तशाच उतरवून घेतल्यात. पट्टी लावून.

मग काय केलंत? निम्म्याहून अधिक वह्यांत लिहिलंय, 'ही मूळ संख्या आहे.' उरलेल्यांपैकी बहुतेकांत लिहिलंय, 'ही संयुक्त संख्या आहे.' एका वहीत दोन्ही आहे. पहिल्या पानावर मूळ, तिसऱ्या पानावर 'दोन मूळ संख्यांचा गुणाकार', आणि मधल्या पानावर रंगीत पेनांनी काढलेली वेलबुट्टी. वहीच्या मालकाला दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची गरज वाटली नाही. अक्षर सुरेख आहे, समास सरळ आहेत. दहावीच्या 'अ' तुकडीकडून मी समासांची अपेक्षा केली नव्हती.

आधी 'मूळ'वाल्यांकडे येते. तुमचा युक्तिवाद मला आता पाठ झालाय, कारण सगळ्यांचा एकच आहे. एकक स्थानी ७, म्हणून २ ने भाग जात नाही, ५ ने जात नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ ने जात नाही, ९ ने जात नाही. (३ ने जात नसेल तर ९ ने कसा जाईल, हे ज्यांनी वेगळी ओळ खर्चून सिद्ध केलंय त्यांनी मधल्या सुट्टीत भेटा.) ७ ने भागून बाकी ५. एकाआड एक अंकांच्या बेरजा २१ आणि ३८, फरक १७, म्हणून ११ ने नाही. १३ ने भागून बाकी १०. आणि पुढची ओळ: 'म्हणून ही संख्या मूळ आहे.'

हा 'म्हणून' कुठून आणलात?

एखादी संख्या मूळ आहे असं म्हणायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावं लागतं. हे तुम्हाला आठवीत शिकवलं आहे आणि का तेही शिकवलं आहे: दोन अवयवांपैकी लहान अवयव वर्गमुळाच्या पुढे जाऊच शकत नाही. या संख्येचं वर्गमूळ काढायला यंत्रसुद्धा लागत नाही. ६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. आपली संख्या त्याहून फक्त एकाने मोठी. म्हणजे ६५,५३६ पर्यंत जायचं. तिथपर्यंत मूळ संख्या किती आहेत? ६,५४२. तुम्ही तपासल्या सहा. साडेसहा हजार घरांच्या गावात पोस्टमनने सहा दारं ठोठावावीत आणि 'या नावाचं कोणी राहत नाही' असा शेरा मारून पत्र परत पाठवावं, तसं हे झालं.

मागून आवाज आला तो ऐकला मी. 'बाई, साडेसहा हजार भागाकार कोण करणार?' कोणीच नाही. कोणाला सांगितलेही नव्हते. क्रमाने गेला असतात तर एकशे सोळाव्या भागाकाराला काम संपलं असतं. २, ३, ५, ७ असं मोजत जा, एकशे सोळावी मूळ संख्या येते ६४१, आणि ६४१ ने या संख्येला पूर्ण भाग जातो. भागाकार ६७,००,४१७. बाकी शून्य. रोज बारा भागाकार केले असते तर दहा दिवस लागले असते. वर्गात वाटून घेतले असते तर एकेकाच्या वाट्याला दोन-तीन आले असते. पण तुमची वाटून घेण्याची कल्पना अशी की एकाने चूक करायची आणि बाकीच्यांनी ती उतरवून घ्यायची.

'पण बाई, ६४१ ला संपणार हे आम्हाला कुठे माहीत होतं?' नव्हतंच माहीत. मान्य. मग जिथे थांबलात तिथे तसं लिहायचं. या वर्गात एका मुलीने लिहिलंय. तिने १७३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी, म्हणजे चाळीस संख्यांनी, भागून पाहिलं. सगळे भागाकार वहीत आहेत, दोन ठिकाणी बाकी चुकली आहे, आणि शेवटी वाक्य आहे: '१७३ पर्यंत भाग जात नाही. पुढचं मी पाहिलेलं नाही.' तिला दहापैकी सात दिले. 'मूळ' लिहिणाऱ्यांना शून्य. तक्रार असेल तर मुख्याध्यापकांकडे जा, मीच दार उघडून देते.

आता त्या दोघा हुशारांकडे वळते, ज्यांनी 'मूळ' लिहून खाली आधार दिलाय: 'थोर गणिती फर्मा यांनी हे सांगितले आहे.' सांगितलं आहे खरं. पिएर द फर्मा, फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयात काम करणारा माणूस, फावल्या वेळात गणित करायचा आणि त्याचं फावल्या वेळातलं गणित अजून जगाला पुरतंय. त्याने पाहिलं की २ चा पहिला घात अधिक १ म्हणजे ३, दुसरा घात अधिक १ म्हणजे ५, चौथा अधिक १ म्हणजे १७, आठवा अधिक १ म्हणजे २५७, सोळावा अधिक १ म्हणजे ६५,५३७. पाचही मूळ. घातांक दरवेळी दुप्पट करत गेलं तर प्रत्येक वेळी मूळच संख्या येणार, असं त्याचं मत झालं. पुढचा घातांक ३२, आणि २ चा ३२ वा घात अधिक १ म्हणजे आपली ही संख्या. १६४० च्या सुमाराला त्याने हे मत पत्रांतून कळवलं.

पण तुम्ही अर्धीच गोष्ट उचललीत. आपल्याकडे याची सिद्धता नाही, हेही त्याने त्या वेळी लिहून ठेवलं होतं. खात्री आहे, सिद्धता नाही, असं. तुम्ही त्याची खात्री उतरवलीत आणि कबुली गाळलीत. मोठ्या माणसाची री ओढायची तर निदान पूर्ण तरी ओढा.

आणि फर्माला मी सोडणार आहे असं समजू नका. त्याच १६४० साली त्याने एक प्रमेय कळवलं, ज्याला आज फर्माचं छोटं प्रमेय म्हणतात. प ही मूळ संख्या असेल आणि तिने भाग न जाणारी कुठलीही संख्या घेतली, तर त्या संख्येच्या (प वजा १) व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते. हे हत्यार त्याच्या हातात होतं. आता त्याने काय करायला हवं होतं ते बघा. समजा प ने आपल्या संख्येला भाग जातो. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताला प ने भागलं की बाकी उणे १. त्याचा वर्ग करा: २ च्या ६४ व्या घाताची बाकी १. बाकी १ येण्याची ही पहिलीच वेळ, कारण त्याआधी कधी आली असती तर तो घातांक ६४ चा भाजक असता, ६४ चे बाकीचे सगळे भाजक ३२ ला भागतात, आणि मग ३२ व्या घाताची बाकी उणे १ न येता १ आली असती. म्हणजे २ चे घात ६४ पावलांनी पुन्हा १ वर येतात. छोटं प्रमेय सांगतं की प वजा १ पावलांनीही ते १ वर येतात. तेव्हा प वजा १ ला ६४ ने भाग जायलाच हवा.

याचा अर्थ कळला का कोणाला? मान डोलावू नका, कळला का ते सांगा. याचा अर्थ असा की ६,५४२ दारं ठोठावायची गरजच नाही. ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्या तेवढ्या बघायच्या: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ किती? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाच. १९३ ने भागा, बाकी १०९. २५७ ने भागा, बाकी २. ४४९ ने भागा, बाकी ३२५. ५७७ ने भागा, बाकी २८८. ६४१ ने भागा, बाकी शून्य. पाच भागाकारांचं काम, आणि स्वतःचंच प्रमेय वापरून ते करणं फर्माला सहज जमण्यासारखं होतं. सुमारे नव्वद वर्षं ते कोणी केलं नाही. १७२९ साली गोल्डबाखने सेंट पीटर्सबर्गमधल्या तरुण ऑयलरला पत्रात विचारलं, फर्माचं हे म्हणणं तुला माहीत आहे का? १७३२ साली, वयाच्या पंचविशीत, ऑयलरने ६४१ काढून दाखवला. फर्माच्या शब्दाला मान द्यायचा की बाकी शून्य आलेली बघायची, हा प्रश्न त्याला पडला नाही.

पाच उदाहरणं जुळली म्हणून सहावं जुळेल, हा फर्माचा अंदाज. त्याला मी अंदाज म्हणते, कारण त्याने ६५,५३७ पर्यंत खरोखर पाहिलं होतं. तुम्ही तर १३ पर्यंत पाहून निकाल दिलात. तुमचं नाव त्याच्या नावाशेजारी लिहायची घाई करू नका.

आता 'संयुक्त'वाले. फार खुशीत दिसताय. उत्तर बरोबर आहे म्हणून? तुमच्यापैकी बहुतेकांच्या वहीत या शब्दापलीकडे काही नाही. विचारलं तर 'मोबाईलवर आलं'. मोबाईलवर भागाकार केलात तर माझी हरकत नाही. दहा अंकी संख्येचे भागाकार हाताने करण्यात काही पुण्य लागत नाही. हरकत याला आहे की तुम्ही त्याला निकाल विचारलात आणि तो जसाच्या तसा माझ्यापुढे ठेवलात. त्याने 'मूळ' सांगितलं असतं तर तुम्ही तेही तितक्याच वळणदार अक्षरात लिहिलं असतंत. तुमच्या आणि 'मूळ'वाल्यांच्या वहीत फरक नशिबाचा आहे. एका शब्दाला मी एक गुण दिलाय, तोही उदारपणे.

ज्यांनी अवयव लिहिलेत त्यांच्यातल्या एकाने लिहिलंय, ६४१ × ६७,०४,०१७. आणि खाली अभिमानाने नवाचा ताळा: ६४१ च्या अंकांची बेरीज ११, म्हणजे २. दुसऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज २५, म्हणजे ७. दोन साते चौदा, म्हणजे ५. दिलेल्या संख्येचे ५९, म्हणजे १४, म्हणजे ५. 'ताळा जुळला.' जुळणारच! अंक तेच आहेत, फक्त जागा चुकल्यात. ६७,००,४१७ चं ६७,०४,०१७ झालंय. नवाच्या ताळ्याला अंकांच्या जागा दिसत नाहीत. शेवटचा अंकही दोन्हीकडे ७ च येतो. प्रत्यक्ष गुणाकार केला असतास तर ४,२९,७२,७४,८९७ आलं असतं आणि तुझ्या लक्षात आलं असतं. ताळा न जुळला तर उत्तर नक्की चूक. जुळला तर उत्तर बरोबर असेलच असं नाही. एवढा एक धडा घेतलास तरी तुझी सुट्टी वाया गेली नाही असं मी म्हणेन.

पहिल्या बाकावरून एक शंका आली होती, लेखी, जरा चढ्या सुरात: 'अवयव न देताही संख्या संयुक्त आहे हे सिद्ध करता येते, मग अवयव का मागता?' येतं बाळा. अगदी बरोबर. छोटं प्रमेय उलटं लावायचं. संख्या मूळ असती तर ३ च्या (संख्या वजा १) व्या घाताची बाकी १ आली असती. ३ घेऊन बत्तीस वेळा वर्ग करत जा, दरवेळी या संख्येने भागून बाकी ठेवत जा, शेवटी १ येत नाही. झालं सिद्ध, अवयव न शोधता. याच कुळातल्या पुढच्या संख्यांसाठी पेपँ या फ्रेंच गणितीने १८७७ साली अशीच कसोटी पक्की करून दिली. घातांकाचा क्रमांक शून्यापासून मोजला तर या कुळातल्या २० आणि २४ क्रमांकांच्या संख्या संयुक्त आहेत हे सिद्ध झालंय, आणि त्यांचा एकही अवयव आजवर कोणाला सापडलेला नाही. तुझी शंका शंभर नंबरी आहे. फक्त तू ते बत्तीस वर्ग केले आहेस का? नाही. मग शंका तुझी आणि गुण शून्य. आणि केलेच असतेस आणि ३ ऐवजी २ घेतला असतास तर फसला असतास. २ च्या ६४ व्या घाताची बाकी १ आहेच, आपली संख्या वजा १ ही ६४ च्या पटीत आहे, त्यामुळे २ च्या कसोटीत ही संख्या मूळ असल्यासारखी सफाईने पास होते. कसोटी आहे हे माहीत असणं वेगळं आणि ती कुठे फसवते हे माहीत असणं वेगळं.

विशेषणांचा ढीग घालणाऱ्यांना आता फार वेळ देणार नाही. 'विषम, वर्गमुक्त, न्यून, हर्षद, उलटसुलट सारखी.' विषम, ठीक. वर्गमुक्त, म्हणजे एकाही मूळ संख्येच्या वर्गाने भाग न जाणारी. खरं आहे, पण अवयव माहीत नसताना तुला कसं कळलं? न्यून, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या भाजकांची बेरीज स्वतःहून कमी. १ अधिक ६४१ अधिक ६७,००,४१७ बरोबर ६७,०१,०५९. चार अब्जांच्या पुढे ही बेरीज किती किरकोळ आहे ते दिसतंय ना? हे एका ओळीचं काम होतं, पण ती ओळ लिहायला अवयव लागतात. उलटसुलट सारखी? उलटी वाचून बघ, ७,९२,७६,९४,९२४ येते. द्विमान पद्धतीत लिहिली तर सारखी आहे हे खरं: आधी १, मग एकतीस शून्यं, मग १. पद्धत न सांगता गुणधर्म सांगणं म्हणजे थाप.

आणि हर्षद! हे नाव आपल्याच माणसाने दिलं, देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी. अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला तर ती हर्षद संख्या. इथे बेरीज ५९. भाग जातो का? या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून फक्त ६४१ आणि ६७,००,४१७ यांनीच भाग जातो. ५९ चा प्रश्नच नाही. कापरेकर शाळामास्तर होते आणि आयुष्यभर आकड्यांशी खेळले, पण खेळ म्हणजे वाटेल ते लिहिणं असा त्यांचा समज नव्हता. व्याख्या वाचायला तुला एक मिनिट लागलं असतं.

पेन उचला. हे मात्र लिहून घ्यायचं.

एका वहीत 'ही संख्या ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग अशी लिहिता येते' असं आहे. चांगलं निरीक्षण. पण पोराने तिथेच दुकान बंद केलं. दोन वर्गांच्या बेरजेबद्दल एक नियम आहे: मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता आली तर ती एकाच प्रकारे येते. दुसरा प्रकार सापडला की संख्या संयुक्त. ऑयलरने या नियमावर बरंच काम केलं. आता लिहा: ६२,२६४ चा वर्ग ३,८७,६८,०५,६९६. २०,४४९ चा वर्ग ४१,८१,६१,६०१. बेरीज करा. ४,२९,४९,६७,२९७. हा दुसरा प्रकार. संख्या संयुक्त.

हा दुसरा प्रकार आला कुठून? ६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. ६७,००,४१७ म्हणजे २,५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग. दोन वर्गांच्या बेरजा असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, आणि ती दोन प्रकारे निघते. ही नित्यसमानता ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखली जाते. त्याचा ग्रंथ ६२८ सालचा. तुमच्या बीजगणितातलं कंस सोडवण्याचं कौशल्य इथे पुरतं. २५ × २,५५६ = ६३,९००. ४ × ४०९ = १,६३६. वजा करा, ६२,२६४. मिळवा, ६५,५३६. आता तिरके गुणा: २५ × ४०९ = १०,२२५. ४ × २,५५६ = १०,२२४. मिळवा, २०,४४९. वजा करा.

एक. दहा हजार दोनशे पंचवीस वजा दहा हजार दोनशे चोवीस. आपल्या संख्येच्या शेपटीला जो १ आहे, तो इथून आला आहे. तुमच्यातल्या एकाच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. असो.

आणखी एक लिहा, म्हणजे भागाकाराच्या नावाने रडणाऱ्यांना कारण उरणार नाही. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात, अधिक १. तसंच ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा ४ था घात अधिक २ चा ४ था घात. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना '५ गुणिले २ चा ७ वा घात' याची बाकी उणे १. त्याचा चौथा घात करा: '५ चा ४ था घात गुणिले २ चा २८ वा घात' याची बाकी १. दुसऱ्यावरून, ५ च्या ४ थ्या घाताची बाकी उणे (२ चा ४ था घात). ती आत घाला: उणे (२ चा ३२ वा घात) याची बाकी १. म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १, आणि त्यात १ मिळवला की शून्य. इथे 'म्हणून' लिहायचा हक्क आहे. दहा अंकी भागाकार एकही नाही. देखणी सिद्धता आहे, पण माझं मत विचाराल तर तिच्यात ६४१ आकाशातून पडतो. तो शोधून देते ती मघाची ६४ ची चाळणी, आणि मला चाळणी अधिक आवडते.

शेवटच्या बाकावरचा नेहमीचा प्रश्नही वहीत आहेच: 'याचा उपयोग काय?' गृहपाठ न करणाऱ्याला उपयोगाची चिंता फार. ऐक. आपल्या संख्येतून १ वजा केला की २ चा ३२ वा घात उरतो. इंटरनेटच्या जुन्या पत्ता पद्धतीत, जी अजून वापरात आहे, एकूण पत्ते तेवढेच. २ वजा केले की ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, फर्माच्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार. फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येणाऱ्या नियमित बहुभुजांमध्ये विषम बाजूंचा सर्वांत मोठा ज्ञात बहुभुज इतक्या बाजूंचा. याचं मूळ आहे गाऊसच्या सतरा बाजूंच्या आकृतीत, जी त्याने १७९६ साली, अठराव्या वर्षी सोडवली. तू सोळाचा आहेस, अजून वेळ आहे. आणि ६५,५३७ ही संख्या आरएसए नावाच्या सांकेतिक पद्धतीत जाहीर घातांक म्हणून रोज वापरली जाते. ती पद्धत टिकून आहे ती मोठ्या संख्यांचे अवयव पाडणं अवघड आहे म्हणून. तुझ्यासारख्यांच्या आळसावर नव्हे.

अमेरिकेतल्या व्हरमाँटचा झेरा कोलबर्न नावाचा मुलगा, तोंडी आकडेमोडीचे प्रयोग करायला त्याचा बाप त्याला लंडनला घेऊन गेला होता. आठ वर्षांच्या त्या पोराला हीच संख्या विचारली, आणि त्याने ६४१ ने भाग जातो असं तोंडी सांगितल्याची नोंद आहे. कसं काढलंस हे त्याला नीट सांगता येत नसे. पण त्याने विशेषण सांगितलं नाही, अवयव सांगितला.

फर्माच्या त्या यादीत ६५,५३७ नंतर आजपर्यंत एकही मूळ संख्या सापडलेली नाही. आपली संख्या ५ क्रमांकाची. तिच्या पुढची, ६ क्रमांकाची, म्हणजे २ चा ६४ वा घात अधिक १, तिचे अवयव लांद्री याने १८८० साली पाडले, तेव्हा तो ऐंशी ओलांडलेला होता. ५ पासून ३२ क्रमांकापर्यंतच्या सगळ्या संयुक्त ठरल्या आहेत. ३३ चा निकाल लागायचा आहे. मूळ आणखी आहेत की नाहीत, कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही. ज्याला वाटेल त्याने अंदाज करावा, पण वहीत 'अंदाज' असा शब्द लिहून.

आता गृहपाठ. ६७,००,४१७ ही मूळ संख्या आहे असं मी आज तीन वेळा गृहीत धरलं आणि तुमच्यापैकी एकानेही मला अडवलं नाही. कशावरून मूळ? सोमवारी ते तुम्ही मला दाखवायचं आहे. तिचं वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ च्या मध्ये आहे. तिचा जो अवयव असेल तो आपल्या मोठ्या संख्येचाही असणार, म्हणून ६४ ची चाळणी इथेही चालते. ६४१ च्या आतल्या चार संख्या आज आपण तपासल्याच. ६४१ धरून पुढे सात भागाकार उरतात. कोणते सात, ते तुम्ही शोधायचं. प्रत्येकाची बाकी लिहायची. आठवा भागाकार दिसला किंवा सहाच दिसले तर वही परत येईल, आणि ज्या वहीत नुसतं 'मूळ' असेल ती मी उघडणारही नाही.